स्वतः पुस्तक काढताना आयएसबीएन आणि कॉपीराईट: कोणता कागद कशाचा?

ओवीची वही

नमस्कार मंडळी. मी अकोले तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होते, आता निवृत्त आहे. गेली अकरा वर्षं जात्यावरच्या ओव्या गोळा करते आहे. माझ्या आईच्या, मावशीच्या आणि आसपासच्या सात गावांतल्या बायकांच्या मिळून ४१२ ओव्या वहीत उतरल्या आहेत. प्रत्येकीखाली कुणी सांगितली आणि कुठल्या गावात, ते लिहून ठेवलं आहे. डोळे साथ देत आहेत तोवर पुस्तक करायचं आहे. ५०० प्रती, पदरच्या पैशाने.

पुस्तकं काढून देणाऱ्या एकांनी पॅकेज सांगितलं. त्यात 'आयएसबीएन व कॉपीराईट' अशी एकच ओळ आहे आणि पुढे ८,५०० रुपये. फोनवर विचारलं तर म्हणाले, "मॅडम, नंबर मिळाला की पुस्तक कायद्याने तुमचं." सोबत चार पानी करारनामा पाठवला आहे. सही करायच्या आधी इथे विचारावंसं वाटलं. हा नंबर आणि कॉपीराईट एकच का? आणि ओव्या तर माझ्या नाहीत, मग पुस्तकावर हक्क कुणाचा लिहायचा?

कागदपान

ताई, सही करू नका. आधी हे वाचा.

मी स्वतःची तीन पुस्तकं काढली आहेत आणि तिन्हींचे आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचे ओळखक्रमांक, स्वतः घेतले. एक रुपया लागला नाही. भारतात आयएसबीएन देण्याचं काम राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन संस्था करते. ती केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाखाली आहे आणि क्रमांक मोफत देते. अर्ज ऑनलाइन होतो, लेखकाला स्वतःच्या नावाने करता येतो. ओळखपत्र, पुस्तकाचं नाव, पानं, किंमत, मुखपृष्ठ अशी माहिती भरावी लागते. मला शेवटच्या खेपेला तीन आठवडे लागले, म्हणून छपाईची तारीख ठरवण्याआधीच अर्ज टाका.

क्रमांक आणि कॉपीराईट एक नाहीत, त्यांचा एकमेकांशी संबंधसुद्धा नाही. आयएसबीएन म्हणजे पुस्तकाचा पत्ता. दुकानदार, ग्रंथालय, ऑनलाइन विक्रेते यांना नेमकं हेच पुस्तक, हीच आवृत्ती, हीच बांधणी सापडावी म्हणून तो असतो. देणारी संस्था मजकूर कुणाचा आहे हे तपासत नाही. नुसत्या गावात वाटायच्या पुस्तकाला तो नसला तरी कायदा अडवत नाही. पण दुकानात किंवा ग्रंथालयात जायचं असेल तर घ्याच.

आणि हे आवर्जून: पेपरबॅकला वेगळा, पुठ्ठाबांधणीला वेगळा, ई-बुकला वेगळा. तेच पुस्तक जसंच्या तसं पुन्हा छापलं तर जुनाच चालतो. मजकुरात भर घालून नवी आवृत्ती काढलीत तर नवा लागतो.

काळीमाती

"नंबर मिळाला की पुस्तक तुमचं" हे वाक्य मी उलट्या बाजूने ऐकलंय. चार वर्षं ऐकलंय.

माझ्या शेतीच्या आठवणींचं पुस्तक २०१६ साली एकाने काढून दिलं. पैसे सगळे माझे. क्रमांक त्याने त्याच्या प्रकाशनाच्या नावावर घेतला, मला त्यातलं काही कळत नव्हतं. तीनशे प्रती संपल्या, लोक मागायला लागले. मी म्हटलं दुसरीकडे छापतो, तर म्हणाला, "नंबर आमच्या नावावर आहे, म्हणजे पुस्तक आमचं. तुम्ही छापलंत तर केस होईल." घाबरलो. बापाच्या बैलांवर लिहिलेलं पुस्तक, आणि बाप गेल्यावर वर्षश्राद्धाला वाटायला घरात एक प्रत नव्हती.

शेवटी तालुक्याच्या कोर्टात बसणाऱ्या एका वकिलांना दाखवलं. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "तुम्ही हक्क दिल्याचा सहीचा कागद कुठाय?" असा कागदच नव्हता. ते म्हणाले, मग तुम्ही काहीच दिलेलं नाही. दुसरी आवृत्ती मी स्वतःच्या नावाने नवा क्रमांक घेऊन काढली. मुखपृष्ठ मात्र नवं काढून घेतलं, कारण जुनं चित्र ज्याने काढलं त्याच्याशी माझं काही ठरलेलं नव्हतं. त्यानंतर त्या माणसाचा फोन नाही.

ताई, तुमच्याकडे तर चार पानं सहीला आलेली आहेत. मला तेवढीच भीती वाटते.

कायद्याचं पान

काळीमाती यांच्या वकिलांनी बरोबर सांगितलं. मी वकिली करतो, त्यातलं बरंच काम लेखकांचं.

आपला कॉपीराईट कायदा १९५७ चा. मजकूर लिहून झाला त्या क्षणी हक्क निर्माण होतो आणि तो लेखकाचा असतो. नोंदणी लागत नाही, क्रमांक लागत नाही, पुस्तक छापलेलंही असावं लागत नाही. ताईंची वही घरात कपाटात आहे, तिच्यातल्या त्यांच्या स्वतःच्या लिखाणाला आजही संरक्षण आहे.

हा हक्क दुसऱ्याकडे जायला लेखी आणि सही केलेला कागद लागतो. कलम १९ मध्ये तसं स्पष्ट आहे. त्यात कोणतं पुस्तक, कोणते हक्क, किती काळ, कोणत्या प्रदेशात आणि मोबदला किती हे लिहायचं असतं. काळ लिहिला नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. घेणाऱ्याने वर्षभरात तो हक्क वापरलाच नाही तर, करारात वेगळं काही ठरलं नसल्यास, तेवढा हक्क संपतो. म्हणजे कायदा लेखकाच्या बाजूने झुकलेला आहे. पण त्या सगळ्या रिकाम्या जागा करारात आधीच भरून आणल्या की हे झुकणं उपयोगी पडत नाही.

ताई, तुमच्या करारनाम्यात हक्कांचं वाक्य कसं आहे? नाव-गाव गाळून इथे टाका.

ओवीची वही

तिसऱ्या पानावर आहे. "लेखिका सदर साहित्यकृतीचे सर्व हक्क, सर्व भाषांत व सर्व ज्ञात-अज्ञात माध्यमांत, संपूर्ण जगासाठी व कायमस्वरूपी प्रकाशकाकडे हस्तांतरित करीत आहे." मी दोनदा वाचलं होतं. सरकारी कागदासारखी भाषा, म्हणून ठरलेलं काहीतरी असेल असं वाटलं.

कायद्याचं पान

या वाक्यावर सही केलीत तर तुमच्याच पैशाने छापलेल्या तुमच्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती काढायला तुम्हालाच त्यांची परवानगी लागेल. तुमच्या भाचीने ओव्यांचं इंग्रजी भाषांतर करायचं म्हटलं तरी त्यांच्याकडे जावं लागेल. तुम्ही छपाईचे पैसे देताय, तेव्हा त्यांना हक्क देण्याचं काही कारणच नाही. वाक्य असं बदलून घ्या: "सर्व हक्क लेखिकेकडे. प्रकाशकास फक्त पहिल्या आवृत्तीच्या ५०० प्रती मुद्रित करण्याची परवानगी." बदलत नसतील तर दुसरा छापखाना बघा, जिल्ह्यात पुष्कळ आहेत.

एक गोष्ट मात्र सही करूनही जात नाही. पुस्तकावर लेखिका म्हणून तुमचं नाव राहणं, आणि नाव खराब होईल अशी मोडतोड मजकुरात होऊ न देणं, हा कलम ५७ चा हक्क हस्तांतरानंतरही लेखकाकडेच राहतो.

चाचपडतोय

विषयाला धरूनच विचारतो. कॉपीराईटची नोंदणी करावी का? कुणी सांगितलं की हस्तलिखित पाकिटात घालून स्वतःलाच रजिस्टर पोस्टाने पाठवायचं आणि पाकीट न फोडता ठेवायचं, ते पुरतं. दुसरं, माझ्या कादंबरीच्या प्रत्येक भागाच्या वर सुरेश भटांच्या दोन ओळी टाकल्या आहेत. नाव दिलंय त्यांचं. चालेल ना?

कायद्याचं पान

पाकीट हा नोंदणीचा पर्याय नाही. फार तर त्या तारखेला मजकूर तुमच्याकडे होता याचा एक पुरावा, आणि तो मेलवरच्या जुन्या मसुद्यांनीही मिळतो. नोंदणी ऐच्छिक आहे, पण वाद झाला तर नोंदवहीतला उतारा न्यायालय सकृत्दर्शनी पुरावा म्हणून घेतं. साहित्यकृतीला ५०० रुपये शुल्क, अर्ज दिल्लीच्या कॉपीराईट कार्यालयाकडे ऑनलाइन होतो. अर्ज टाकल्यावर डायरी क्रमांक, म्हणजे अर्जाचा नोंद क्रमांक, मिळतो, मग तीस दिवस हरकतींसाठी थांबतात, मग तपासणी. कथा-कादंबरीवाल्यांनी करावी असं माझं मत. मालिका-चित्रपटवाल्यांना कथा ऐकवायला जाणार असाल तर आधी कराच. मात्र नुसत्या कल्पनेला संरक्षण नसतं, लिहिलेल्या मांडणीला असतं. पुस्तकाच्या नावालाही नसतं. 'देसी बॉईज' चित्रपटाच्या नावावरचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं होतं, २०१५ मध्ये न्यायालयाने नुसत्या शीर्षकावर कॉपीराईट नाही असंच सांगितलं.

भटांच्या ओळींचं. नाव दिल्याने परवानगीची गरज संपत नाही. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क राहतो. सुरेश भट २००३ साली गेले, म्हणजे २०६३ संपेपर्यंत. त्यांच्या गझलेवर समीक्षा लिहिताना ओळी उद्धृत करणं वेगळं, कायदा त्याला मोकळीक देतो. तुमच्या भागांच्या डोक्यावर त्या शोभेला आहेत. हक्कदारांना पत्र लिहून परवानगी घ्या, नाही मिळाली तर काढा.

कागदपान

हिशोब कसा करायचा ते आणखी एका उदाहरणाने सांगते, कारण इथे बऱ्याच जणांना जुन्या कविता घ्यायच्या असतात. साने गुरुजी १९५० साली गेले. १९५१ पासून साठ वर्षं मोजली की २०१० संपलं, म्हणून २०११ पासून त्यांचं लेखन मोकळं. बहिणाबाईंचं थोडं वेगळं. त्या १९५१ च्या डिसेंबरात गेल्या आणि गाणी छापून आली १९५२ मध्ये. मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या लेखनाची साठ वर्षं प्रकाशनापासून धरतात. पूर्वी ही मुदत ५० वर्षं होती, रवींद्रनाथांच्या लेखनाची मुदत संपत आली तेव्हा ती ६० केली गेली.

तुकोबांचा अभंग कुणीही छापावा. पण एखाद्या अलीकडच्या संपादकाने त्यावर लिहिलेलं निरूपण उचलू नये.

अक्षरजुळणी

कोल्हापुरात मांडणी आणि जुळणीचं काम करतो. क्रमांकाबद्दल थोडं माझ्या टेबलावरचं.

गेल्या वर्षी एक गृहस्थ मलपृष्ठ घेऊन आले, क्रमांक मध्यस्थाकडून विकत घेतलेला. बारकोड करायला गेलो तर संगणक घेईना. हाताने बेरीज केली तेव्हा कळलं, क्रमांकच खोटा. तुम्हालाही तपासता येतो. २००७ पासून आयएसबीएन तेरा आकडी आहे. सुरुवातीला बहुधा ९७८, मग देशाचा किंवा भाषेचा गट, भारताचे ८१ आणि ९३, मग प्रकाशक, मग पुस्तक, आणि शेवटचा एकटा आकडा तपासणीचा. पहिले बारा आकडे घ्या, पहिल्याला एकने गुणा, दुसऱ्याला तीनने, तिसऱ्याला एकने, असं आळीपाळीने. समजण्यापुरती रांग घेऊ: ९७८९३१२३४५६७. पहिला, तिसरा, पाचवा असे एकाआड एक आकडे मिळवले तर ३२. उरलेले मिळवले तरी ३२, त्याची तिप्पट ९६. एकूण १२८. पुढचा दहाचा पाढा १३०, फरक २. म्हणून तेरावा आकडा २ च हवा. त्या गृहस्थांच्या क्रमांकात तो जुळत नव्हता. त्यांनी दोन हजार रुपये दिले होते. चार फर्मे (छपाईचे मोठे ताव) छापून झाले होते, आत श्रेयपानावर, म्हणजे प्रकाशक-हक्कांच्या माहितीच्या पानावर, तोच क्रमांक. ती पानं पुन्हा छापावी लागली.

बारकोड विकत घ्यायचा नसतो. पुस्तकाचा बारकोड म्हणजे हाच तेरा आकडी क्रमांक रेघांत. मोफत साधनाने बनतो. मलपृष्ठावर खाली, पांढऱ्या चौकोनात टाका. गडद रंगावर रेघा टाकल्या की दुकानातलं यंत्र वाचत नाही. आणि पुस्तक मराठी असलं तरी आयएसबीएन ही अक्षरं रोमन लिपीत (ISBN) आणि त्याचे आकडे इंग्रजी (1, 2, 3) छापा.

श्रेयपानावर वर्तुळातला सी, वर्ष आणि हक्कदाराचं नाव. न छापल्याने हक्क जात नाही, पण परवानगी मागणाऱ्याला कुणाला विचारायचं ते कळतं. मुखपृष्ठ करणाऱ्याकडून दोन ओळींचं पत्र घ्या, हे चित्र या पुस्तकाच्या सर्व आवृत्त्यांसाठी वापरता येईल म्हणून. काळीमाती दादांची मुखपृष्ठाची अडचण त्या दोन ओळींअभावी झाली.

दूरदेशी

टोरांटोहून. इथल्या मराठी मंडळींसाठी: क्रमांक पुस्तकाच्या भाषेवरून किंवा छपाईच्या गावावरून मिळत नाही, प्रकाशक जिथे राहतो त्या देशातून मिळतो. मी स्वतःच प्रकाशक, म्हणून पुण्यात छापलेल्या माझ्या कवितासंग्रहाला कॅनडाचा क्रमांक आहे. तो इथल्या राष्ट्रीय ग्रंथालयाकडून मोफत मिळाला. अमेरिकेतल्या माझ्या बहिणीला मात्र बाउकर कंपनीकडून विकत घ्यावा लागला, एकाला १२५ डॉलर. ॲमेझॉनच्या केडीपीवर (स्वतः पुस्तक प्रकाशित करायची सेवा) छापील पुस्तकाला मोफत क्रमांक देतात, पण तो तिथल्यापुरताच वापरता येतो आणि प्रकाशक म्हणून तुमचं नाव येत नाही. किंडल ई-बुकला तिथे आयएसबीएन लागत नाही. कॉपीराईटसाठी वेगळं काही केलं नाही. भारत आणि कॅनडा दोन्ही बर्न करारात, म्हणजे कॉपीराईटच्या आंतरराष्ट्रीय करारात, आहेत, एकीकडचं संरक्षण दुसरीकडे चालतं.

फराळाचं ताट

आम्ही सात वर्षं दिवाळी अंक काढतो. त्यालाही आयएसबीएनच घ्यायचा का?

कागदपान

नाही. दरवर्षी त्याच नावाने निघणाऱ्या अंकाला आयएसएसएन असतो, आठ आकडी. तो अंकाच्या नावाला मिळतो आणि दरवर्षी तोच राहतो. त्यातल्या निवडक कथांचं पुस्तक काढलंत तर त्या पुस्तकाला आयएसबीएन. आणि तेव्हा प्रत्येक कथालेखकाची परवानगी नव्याने घ्या, कारण अंकासाठी कथा देणं म्हणजे पुस्तकासाठी देणं नव्हे.

ओवीची वही

सगळ्यांचे आभार कसे मानू कळत नाही. करारनामा परत पाठवला. पण माझा दुसरा प्रश्न तसाच आहे आणि मला तोच जास्त टोचतो आहे. ओव्या बायकांच्या आहेत. बऱ्याच परंपरेने आलेल्या. पण पलीकडच्या वाडीतल्या एका आजींनी स्वतः रचलेल्या ६० च्या वर आहेत. नवरा मुंबईच्या गिरणीत होता, संपात परत आला, त्यावरच्या. त्या ओव्या दुसऱ्या कुणाच्या तोंडी नाहीत. आजींना लिहिता येत नाही. फोनवर त्यांचा आवाजही भरून घेतला आहे, आणि पुस्तकात ते फोनने वाचायचं चौकोनी चिन्ह (क्यूआर कोड) देऊन ऐकवायचा विचार होता.

कायद्याचं पान

ताई, हा प्रश्न तुम्ही विचारलात याचा आनंद वाटला. फार थोडे संग्राहक विचारतात.

तीन थर वेगळे करा. परंपरेने आलेल्या ओव्यांवर तुमचा हक्क नाही आणि दुसऱ्या कुणाचाही नाही. त्या उद्या कुणीही छापू शकेल. तुमची प्रस्तावना, टिपा, आणि तुम्ही विचारपूर्वक केलेली निवड व रचना यावर हक्क तुमचा. आजींनी स्वतः रचलेल्या ओव्यांवर मात्र हक्क आजींचा. अक्षर येत नसलं म्हणून लेखकपण जात नाही. तुम्ही त्या कागदावर उतरवल्यात, रचल्या त्यांनी. त्यांच्यानंतर साठ वर्षं तो हक्क त्यांच्या वारसांचा.

आवाजाचं आणखी वेगळं. गाणारीला कायद्याने सादरकर्ती म्हणून स्वतंत्र हक्क आहे, ५० वर्षांचा. ध्वनिमुद्रण लोकांना ऐकवायला तिची संमती हवी. हे परंपरेच्या ओव्या गाणाऱ्या बाकीच्या बायकांनाही लागू आहे.

संमतीपत्र साध्या मराठीत करा, एका पानाचं. काय छापणार, किती प्रती, आवाज कुठे ऐकवणार, पैसे उरले तर त्यांना किती. मोठ्याने वाचून दाखवा, घरातलं कुणीतरी शेजारी असू द्या, मग अंगठा, आणि दोन साक्षीदार. एक प्रत त्यांच्याकडे ठेवा. श्रेयपानावर लिहा: "या ओव्यांचे हक्क रचनाकर्तीकडे" आणि पुढे आजींचं पूर्ण नाव.

कागदपान

'पारी' या ग्रामीण भारतावरच्या संकेतस्थळावर जात्यावरच्या ओव्यांचा मोठा प्रकल्प आहे, हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सुरू केलेल्या संग्रहाचा. तिथे ओवीबरोबर गाणारीचं नाव आणि गाव दिलेलं असतं. ताई, तुमची वही पहिल्या दिवसापासून तसंच करत आली आहे. पुस्तकातही प्रत्येक ओवीखाली नाव राहू द्या, शेवटी एकत्र यादी करू नका.

आणि छापून झाल्यावर: १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रकाशकाने तीस दिवसांत एकेक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला, मुंबईच्या एशियाटिक सोसायटीला, चेन्नईच्या कोनेमारा ग्रंथालयाला आणि दिल्ली पब्लिक लायब्ररीला स्वखर्चाने पाठवायची असते. पुष्कळ जण पाठवत नाहीत, दंडही नावापुरताच आहे. मी पाठवते. माझं पहिलं पुस्तक आता माझ्याकडे उरलेलं नाही, पण मुंबईत एशियाटिकच्या टाउन हॉलच्या त्या पायऱ्या चढून गेलं तर मिळेल.

ओवीची वही

दीड महिन्याने लिहिते आहे. क्रमांक मेलवर आला, माझ्या नावाने. बेरीज करून पाहिली, शेवटचा आकडा जुळला. संगमनेरच्या छापखान्याशी ठरलं आहे, जुळणी अक्षरजुळणी दादाच करत आहेत.

काल आजींकडे संमतीपत्र घेऊन गेले. नातू शेजारी होता. मी वाचत गेले, त्या मान हलवत गेल्या. "हक्क रचनाकर्तीकडे" इथे थांबवून विचारलं, म्हणजे काय? मी म्हटलं, ह्या ओव्या तुमच्या आहेत असं पुस्तकात छापणार, आणि कुणाला वापरायच्या असतील तर तुम्हाला विचारावं लागेल. त्या जरा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, माझ्या आहेत तर मग आधी सगळ्या वाचून दाखव. संध्याकाळपर्यंत वाचल्या. दोन ओव्या त्यांनी काढायला सांगितल्या, घरातल्या भांडणाच्या होत्या. आणि एकीत मी नऊ वर्षं चुकीचा शब्द लिहून ठेवला होता. मी 'भोंगा' ऐकलं होतं, त्यांनी 'सोंगा' म्हटलं होतं. त्या शब्दाने सगळी ओवी फिरते. मग अंगठा दिला.

अक्षरजुळणी दादा, पान ८७ आणि ९१ थांबवा. सुधारलेला मजकूर आज रात्री पाठवते. दोन ओव्या कमी झाल्या, म्हणून प्रस्तावनेतला ४१२ चा आकडाही ४१० करायचा आहे.

अक्षरजुळणी

थांबवली आहेत ताई. मलपृष्ठावरही ४१२ आहे, तिथेही बदलतो.